मनगट नेमकं कुठे दुखतंय? आपल्याच हातावर शिकायची मनगटाची रचना

"मनगट दुखतंय" म्हणून कुणी समोर येऊन बसलं की मी आधी एकच सांगते: एका बोटाने दाखवा, कुठे. बहुतेक जण दुसऱ्या हाताने सगळं मनगटच मुठीत धरतात आणि म्हणतात, "हे असं, इथे सगळीकडे." मग मी पेन काढते आणि त्यांच्याच हातावर खुणा करायला लागते. पाच-दहा मिनिटांत त्या "सगळीकडे"चं "इथे" होतं. अंगठ्याच्या बुडाशी, करंगळीकडच्या खळग्यात, नाहीतर पाठीवर मधोमध. फिजिओथेरपीच्या कामात मला याचा फार उपयोग झाला आहे, कारण मनगट हा उघडा सांधा आहे. त्यावर मांसाचा जाड थर नाही. हाडं, दोऱ्यांसारखे स्नायुबंध, नाडी, सगळं कातडीखाली लगेच बोटाला लागतं. बोट कुठे ठेवायचं एवढं माहीत हवं.

तेच या लेखात क्रमाने सांगते आहे. एक बॉलपेन, मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन टेबलाशी बसा. घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवा. एक हात दुखत असेल तर आधी चांगल्या हातावर सगळं करून पाहा. माणसामाणसाच्या मनगटात बराच फरक असतो, त्यामुळे तुमच्या दुखऱ्या हाताची तुलना करायला सगळ्यात जवळचा हात तुमचा दुसराच.

दोन उंचवटे, आणि त्यांच्यातली तिरकी रेघ

हात टेबलावर पालथा ठेवा. करंगळीच्या बाजूला मनगटाच्या पाठीवर एक गोल गोटीसारखा उंचवटा दिसेल. ते अल्ना या हाडाचं डोकं. आता अंगठ्याच्या बाजूने, कडेकडेने बोट पंजाकडे सरकवत न्या. एक हाड हाताला लागतं आणि एकदम संपतं. ते रेडियसचं टोक. अल्नाच्या गोटीपासूनही कडेने थोडं पुढे गेलात तर तिचं बारीक टोक लागेल. दोन्ही टोकांवर पेनाने ठिपका द्या आणि ठिपके जोडा.

रेघ तिरकी आली ना? अंगठ्याकडचं टोक साधारण एक सेंटिमीटर पुढे असतं. रेडियसचा शेवट अंगठ्याकडून करंगळीकडे सुमारे 22 अंशांनी उतरता आहे, शिवाय तळव्याच्या दिशेनेही 11-12 अंश कललेला आहे. म्हणूनच हात करंगळीकडे बराच झुकतो, अंगठ्याकडे झुकताना मात्र हाडाला हाड लवकर अडतं. तळव्याच्या बाजूला तो थोडा जास्त वळतो, त्यामागेही हाच कल. मनगटाजवळ रेडियस मोडल्यावर डॉक्टर एक्स-रेवर रेघा मारून कोन मोजतात ते हेच. हाड जुळलं एवढ्यावर भागत नाही, उतार परत जागेवर यावा लागतो.

आता कोपर कमरेला चिकटवा. अल्नाच्या गोटीवर दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवा आणि तळहात हळूहळू उताणा करा. गोटी बोटाखालून गडप होते. अल्ना जवळजवळ जागच्या जागी राहते आणि रेडियस पंजाला बरोबर घेऊन तिच्याभोवती फिरतो. कुलपात किल्ली फिरवणं, प्रसादासाठी हात पुढे करणं, या हालचाली मनगटाच्या सांध्यात होत नाहीत. त्या या दोन हाडांमध्ये, कोपराशी आणि मनगटाच्या किंचित वर होतात. प्लॅस्टर निघाल्यावर "हात वर-खाली होतो पण प्रसाद घेता येत नाही" असं म्हणणाऱ्याला मनगट वर-खाली करण्याचे व्यायाम कितीही दिले तरी त्याची अडचण सुटत नाही. आधी हा फरक ओळखावा लागतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. पंजाची हाडं टेकतात ती मुख्यतः रेडियसवर. अल्ना त्यांना थेट शिवत नाही. मधल्या फटीत कूर्चेची तिकोनी गादी आणि तिला धरून ठेवणारे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, असतात. हात सरळ असताना मनगटावरून जाणाऱ्या भारापैकी साधारण 80 टक्के रेडियस घेतो, उरलेला 20 टक्के या गादीमार्गे अल्नाकडे जातो. पिळ्याची कामं करणाऱ्यांचं करंगळीच्या बाजूला दुखतं तेव्हा ही गादी आठवायची.

आठ खडे, दोन ओळी

रेडियस आणि तळहाताची पाच लांब हाडं यांच्या मध्ये आठ छोटी हाडं आहेत. त्यांना मी खडेच म्हणते, कारण नदीतल्या गोट्यांसारखी ती एकमेकांना घासून, एकमेकांच्या खळग्यात बसलेली असतात. कोपराकडच्या ओळीत अंगठ्यापासून करंगळीकडे चार: नावेच्या आकाराचं स्कॅफॉइड, चंद्रकोरीसारखं ल्युनेट, तीन कोनांचं ट्रायक्वेट्रम आणि त्याच्यावर बसलेलं वाटाण्याएवढं पिसिफॉर्म. बोटांकडच्या ओळीत चार: ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, गोल डोक्याचं आणि आठांत सगळ्यात मोठं कॅपिटेट, आणि हुकासारखा आकडा असलेलं हॅमेट.

नावं पाठ करायची गरज नाही. लक्षात ठेवायचं ते वेगळंच. कोपराकडच्या ओळीतल्या पहिल्या तीन हाडांना एकाही स्नायूचा बंध जोडलेला नाही. स्नायूंच्या दोऱ्या या हाडांना ओलांडून पुढे जातात आणि तळहाताच्या हाडांना धरतात. पुढची हाडं ओढली गेली की मधली ही ओळ दोन्हीकडच्या दाबाने आपोआप हलते, कलते, सरकते. तिच्यावर ताबा आहे तो फक्त हाडांच्या आकाराचा आणि अस्थिबंधांचा. एखादा अस्थिबंध तुटला की ओळ विस्कटते, आणि मग स्नायू कितीही मजबूत केले तरी नीट बसत नाही.

जन्मलेल्या बाळाच्या एक्स-रेत या आठांपैकी एकही हाड दिसत नाही, कारण तेव्हा ती सगळी कूर्चेची असतात. पहिल्या काही महिन्यांत कॅपिटेट आणि हॅमेट दिसायला लागतात आणि वाटाणा, म्हणजे पिसिफॉर्म, सगळ्यात शेवटी, साधारण नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास. वयोगटाच्या क्रिकेटमध्ये मुलाचं वय पाहण्यासाठी मनगटाचा एक्स-रे काढतात, त्याचा आधार हाडांची अशीच वयानुसार होणारी वाढ.

तपकिरीचा खळगा

अंगठा ताठ करून वर उचला, लिफ्ट मागायला उचलतो तसा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन दोऱ्या उठतात आणि त्यांच्यामध्ये एक त्रिकोणी खळगा पडतो. तपकीर ओढणारे तपकिरीची चिमूट इथे ठेवायचे, म्हणून वैद्यकीय इंग्रजीतही या जागेचं नाव तपकिरीच्या डबीवरूनच पडलं आहे. खळग्यात तर्जनीचं टोक हलकेच दाबा. थोडं ठुसठुसेल, तेवढं दुखणं सगळ्यांनाच असतं. नाडीचा ठोकाही लागेल. त्याच्या खाली टणक लागतं ते स्कॅफॉइड.

आता मनगट उताणं करा. तळव्याच्या बाजूला मनगटावर दोन आडव्या घड्या असतात. पंजाकडच्या घडीवर, अंगठ्याच्या उंचवट्याच्या अगदी पायथ्याशी, एक छोटा टणक गोळा लागतो. तेही स्कॅफॉइडच, त्याचं दुसरं टोक. या गोळ्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवा आणि पंजा सावकाश आधी करंगळीकडे, मग अंगठ्याकडे झुकवा. अंगठ्याकडे झुकताना गोळा वर येऊन तुमच्या अंगठ्याला ढकलतो. करंगळीकडे जाताना तो आत बुडतो. दोन-तीनदा करा, म्हणजे खात्री पटेल.

हे मी सगळ्या विद्यार्थ्यांना आणि बऱ्याच रुग्णांना करायला लावते. हात अंगठ्याकडे झुकला की तिथली जागा कमी होते, म्हणून नावेसारखं हे लांबट हाड पुढे कलंडून आडवं होतं. करंगळीकडे झुकला की जागा मोकळी होते आणि ते उभं राहतं. दोन्ही ओळींना जोडणारा पूल हाच, म्हणून दोन्ही ओळी एका तालात हलतात. आणि हात टेकून पडल्यावर या आठांत सगळ्यात जास्त मोडतं तेही हेच.

या हाडाला रक्त मिळतं ते बहुतांशी बोटांकडच्या टोकाने शिरून मागे कोपराच्या दिशेने. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेताला जसं सगळ्यांची पाळी झाल्यावर पाणी मिळतं, तशी मागच्या तुकड्याची गत. मध्ये हाड मोडलं की कालवा फुटतो, मागचा तुकडा कोरडा पडतो, जुळायला महिने लागतात, आणि कधी तो मरतोही. गंमत म्हणा किंवा घात म्हणा, सूज फार नसते, हात वाकडा दिसत नाही आणि पहिल्या एक्स-रेत चीर अनेकदा दिसतच नाही.

माझ्याकडे एक कॉलेजचा मुलगा आला होता. तीन महिन्यांपूर्वी पावसात दुचाकी घसरून हातावर पडला. त्या दिवशीच्या एक्स-रेत काही नव्हतं, म्हणून क्रेप बँडेज बांधून त्याला घरी पाठवलं होतं. दुखतं म्हणून तो मलम लावत राहिला, जिमही सुरू ठेवली. मी खळग्यात बोट टेकवलं मात्र, त्याने हात झटकन ओढून घेतला. नवीन एक्स-रेत मोडलेल्या दोन तुकड्यांमधली फट स्पष्ट होती आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते: हात टेकून पडलात, आणि तपकिरीच्या खळग्यात दाबल्यावर दुसऱ्या हातापेक्षा जास्त दुखतंय, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी हाड मोडलं आहे असंच धरून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. ते मनगट आधारात बांधतात आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा एमआरआय सांगतात. दुसऱ्या एक्स-रेला जायचं टाळू नका.

पाठीची बाजू

हात पुन्हा पालथा. मधल्या बोटाच्या रेषेत तळहाताच्या हाडावरून बोट मागे मनगटाकडे आणा. हाड संपलं की बोट एका उथळ खळग्यात पडतं. हा खळगा कॅपिटेटवर. बोट तिथेच ठेवून मनगट खाली वाकवा. खळगा भरून येतो, कारण आतलं हाड वर सरकतं. मनगटाच्या वर-खाली आणि आजूबाजूच्या हालचालींचा आस या कॅपिटेटच्या डोक्यातून जातो असं ढोबळमानाने धरतात. कोन मोजताना ते कामाला येईल.

तिथून आणखी मागे, रेडियसच्या पाठीवर, एक छोटी टेकडी लागते. अंगठा वर उचलणारी लांब दोरी या टेकडीला वळसा घालून जाते, कप्पीवरून दोर जावा तशी. टेकडीपासून बोटांच्या दिशेने साधारण सेंटिमीटरभर पुढे स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांचा जोड आहे. मनगटाच्या पाठीवर येणारी पाण्याची गाठ बहुधा याच जागेतून उगवते. ती निरुपद्रवी असते, दुखत नसेल तर तिला हात लावायची गरज नाही, आणि जड वस्तू आपटून ती फोडायचा जुना उपाय अजिबात करू नका.

तळव्याची बाजू: वाटाणा, नाडी आणि बोगदा

मनगटाच्या घडीच्या करंगळीकडच्या टोकाला, तळहाताच्या टाचेत, वाटाणा सहज लागतो. हात सैल सोडलात तर तो चिमटीत धरून इकडेतिकडे हलवताही येतो. तिथून तर्जनीच्या बुडाच्या दिशेने दोन-अडीच सेंटिमीटर तिरकं जाऊन खोल दाबा. तिथे हॅमेटचा आकडा आहे. बॅट किंवा रॅकेटची मूठ वर्षानुवर्षं आपटून कधी हा आकडा मोडतो, म्हणून खेळाडूंनी ही जागा ओळखून ठेवावी. वाटाणा आणि आकडा यांच्यामधून करंगळीची नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. सायकल किंवा दुचाकीच्या मुठीवर तळहाताची टाच तासन् तास टेकली की करंगळी बधिर होते, ती याच नसेमुळे.

आता अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मधोमध एक दोरी ताठ उठेल. नाही उठली तर घाबरू नका, दर सहा-सात माणसांत एकाला ती नसतेच आणि त्याने हाताचं काही अडत नाही. प्लास्टिक सर्जन दुसरीकडे बसवायला म्हणून हीच दोरी काढून घेतात. तिच्या शेजारी अंगठ्याकडे दुसरी जाड दोरी आहे, आणि तिच्याही पलीकडे, हाडावर, नाडी. वैद्य तर्जनी, मध्यमा आणि अनामिका टेकवून नाडी पाहतात ती ही जागा. धमनी रेडियसच्या टणक हाडावर विसावलेली असते, म्हणून ठोका इतका स्पष्ट लागतो.

या दोन दोऱ्यांच्या मधोमध, थोडी खोल, जाते ती मीडियन नस. आठ खड्यांची तळव्याकडची बाजू सपाट नसून पन्हाळीसारखी खोलगट असते. पन्हाळीवर जाड, न ताणणारा पट्टा आडवा बांधलेला आहे: एका बाजूला स्कॅफॉइडचा गोळा आणि ट्रॅपिझियम, दुसऱ्या बाजूला वाटाणा आणि आकडा. हे चारही किंवा त्यांच्या जवळची जागा तुम्ही आत्ताच चाचपली आहे. त्यांना पेनाने जोडा, की कार्पल टनेल म्हणतात तो बोगदा तुमच्या हातावर उमटेल. बरेच लोक तो घड्याळाच्या पट्ट्याखाली आहे असं समजतात. तो असतो त्याच्या पुढे, घडीपासून तळहातात. या एवढ्याशा जागेतून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या आणि ती एक नस जाते. मनगट फार आत किंवा फार मागे वाकलं की आतला दाब वाढतो आणि सगळ्यात मऊ असलेली नस दबते.

हालचाली मोजा

हात टेबलावर आडवा, पंजा कडेच्या बाहेर, तळवा खाली. बोटं सैल सोडा. मूठ बांधून मोजलंत तर बोटं उघडणाऱ्या दोऱ्या आधीच ताणलेल्या असतात आणि मनगट कमी वाकलेलं दिसतं. ही चूक फार होते. आता पंजा खाली सोडा, मग वर उचला. दोन्ही वेळा कुणाला तरी करंगळीच्या बाजूने, मनगटाच्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढायला सांगा. फोटोवर कोनमापक ठेवून हाताच्या अल्नाची रेष आणि करंगळीच्या तळहातातल्या हाडाची रेष यांतला कोन मोजा. खाली साधारण 80 अंश आणि वर 70 अंश हे निरोगी मोठ्या माणसाचे ढोबळ आकडे.

आजूबाजूच्या झुकण्यासाठी पंजाही टेबलावर पालथा ठेवा. कोनमापकाचा मध्य कॅपिटेटच्या खळग्यावर, एक रेष हाताच्या मधोमध आणि दुसरी मधल्या बोटाच्या तळहातातल्या हाडावर. अंगठ्याकडे 20, करंगळीकडे 30 अंशांच्या आसपास भरेल. आकडे कमी आले तर आधी दुसरा हात मोजा. दोन्ही सारखे असतील तर ते तुमचेच आकडे.

रोजच्या बहुतेक कामांना एवढं सगळं लागतही नाही. वर 40, खाली 40 आणि आजूबाजूचे मिळून 40 अंश असतील तर जेवणखाण, अंघोळ, वेणीफणी सगळं निभावतं. प्लॅस्टर निघाल्यावर पहिल्या आठवड्यात रडवेल्या झालेल्या बायकांना मी हा आकडा मुद्दाम सांगते.

आणखी एक हालचाल आहे, तिरकी. खिळा ठोकताना हातोडा उचलतो तेव्हा मनगट मागे आणि अंगठ्याकडे जातं. ठोकताना पुढे आणि करंगळीकडे येतं. तांब्याने अंगावर पाणी घेताना, सीमारेषेवरून चेंडू फेकताना हेच होतं. गंमत अशी की या तिरक्या वाटेने जाताना कोपराकडची ओळ फारशी हलत नाही, जवळजवळ सगळं काम दोन ओळींच्या मधल्या सांध्यात होतं. म्हणून मनगटाच्या काही दुखापतींनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की सरळ वर-खाली करण्याच्या आधी ही तिरकी हालचाल सुरू करतात.

मूठ घट्ट का बसते

कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा आणि बोटं अगदी सैल सोडा. पंजा पुढे पडू द्या: बोटं आपोआप उघडतात. पंजा मागे न्या: बोटं आपोआप मिटतात. तुम्ही बोटांना काहीच सांगितलेलं नाही. बोटांचे स्नायू कोपराजवळ आहेत आणि त्यांच्या दोऱ्या मनगट ओलांडून येतात, म्हणून मनगट हललं की दोऱ्या ताणतात किंवा सैलावतात. मानेजवळ मणक्याला मार लागून बोटांची ताकद गेलेली, पण मनगट उचलता येणारी माणसं याच युक्तीने पेला धरतात.

आता दुसरा प्रयोग. मनगट पूर्ण आत वाकवून हातात पेन घट्ट धरा आणि घरातल्या लहान मुलाला तो ओढायला सांगा. सहज निघतो. मग मनगट 20-30 अंश मागे ठेवून धरा. निघत नाही. "मनगटाच्या जोरावर" असं आपण म्हणतो, पण मनगटापाशी जोराचे स्नायू जवळजवळ नाहीतच, आहेत त्या दोऱ्या. जोर येतो कोपराखालच्या स्नायूंतून. मनगटाचं काम योग्य कोनात थांबून त्या दोऱ्यांना ताण देण्याचं. म्हणूनच मूठ आवळणारी कामं सतत केली की मनगट मागे धरून ठेवणारे स्नायू शिणतात आणि दुखतं कोपराच्या बाहेरच्या बाजूला. पोळ्या लाटणाऱ्या, कपडे पिळणाऱ्या बायकांना "टेनिस एल्बो" होतो तो असा.

आता एका बोटाने दाखवा

रेडियसच्या टोकावर, अंगठ्याकडे दुखत असेल तर अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीकडे झुकवा. चांगल्या हातालाही थोडं ताणल्यासारखं होईल, पण दुखऱ्या हातात कळ गेली तर तपकिरीच्या खळग्याच्या पुढच्या कडेच्या दोऱ्या त्यांच्या नळीत सुजलेल्या आहेत. स्विस सर्जन द केर्व्हेन यांनी 1895 साली याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो. तान्ह्या बाळाला काखेत हात घालून उचलणाऱ्या नव्या आयांमध्ये हा हमखास दिसतो. बाळाला उचलताना अंगठे फाकवून चिमटा करू नका; तळवा वर करून दोन्ही हात बाळाखाली घाला, भार हाताच्या लांबीवर घ्या.

करंगळीकडे, अल्नाचं बारीक टोक आणि वाटाण्याकडे जाणारी दोरी यांच्यामध्ये एक मऊ जागा आहे. तिथे दाबल्यावर तुमचं नेमकं दुखणं उठत असेल, फडकं पिळताना किंवा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना कळ येत असेल, तर ती तिकोनी गादी. कपडे नळाला वेटोळं घालून पिळा, म्हणजे दोन्ही मनगटांचा पिळा वाचतो. भरलेली कढई एका हाताने उचलू नका.

रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, झटकल्यावर बरं वाटत असेल, तर कोणती बोटं ते नीट पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल तर बोगद्यातली नस. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटं खाली करून, 60 सेकंद धरा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर शंका पक्की होते. गरोदरपण, मधुमेह आणि थायरॉइडच्या विकारात हे जास्त दिसतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपल्याने अनेकांना आराम पडतो. अंगठ्याचा उंचवटा बसायला लागला किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या तर मात्र डॉक्टरांकडे जायला थांबायचं नाही.

पाठीवर मधोमध, सूर्यनमस्कारात किंवा जोर काढताना दुखणारे बरेच असतात. जमिनीवर हात टेकून भार दिला की मनगट 90 अंशांजवळ जातं, म्हणजे ते आपणहून जितकं उचललं जातं त्यापेक्षा जास्त. तळहाताच्या टाचेखाली सतरंजीची घडी ठेवा, बोटं पसरा, भार तर्जनीच्या बुडाकडेही जाऊ द्या. दुचाकीवाल्यांनी क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांचा कोन थोडा खाली करून घ्यावा, बसल्यावर हात आणि पंजा एका रेषेत यायला हवेत. मेकॅनिकचं पाच मिनिटांचं काम आहे.

पडल्यावर, आणि प्लॅस्टर निघाल्यावर

हात टेकून पडलात की पहिलं काम बांगड्या आणि अंगठ्या काढण्याचं. सूज चढल्यावर त्या कापाव्या लागतात. मग पुठ्ठा किंवा जाड मासिक खाली घेऊन मनगट आहे त्या स्थितीत बांधा, हात छातीशी उंच धरा, मालिश करू नका. मनगट काट्याच्या चमच्यासारखं पाठीकडे बाक आलेलं दिसत असेल तर तो रेडियसचा अस्थिभंग असतो. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी 1814 साली त्याचं वर्णन केलं. पाळी थांबलेल्या बाईचं साध्या पडण्याने हे हाड मोडलं असेल तर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी नक्की करून घ्या.

प्लॅस्टरमध्ये असताना बोटं, कोपर आणि खांदा दिवसातून अनेकदा पूर्ण हलवा. बोटं काळीनिळी, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि एक बारीक गोष्ट: हाड न सरकता मोडलं असेल तर त्या टेकडीला वळसा घालणारी अंगठ्याची दोरी काही आठवड्यांनी झिजून तुटू शकते. तळवा टेबलावर टेकवून अंगठा वर उचलता येतो का हे मधूनमधून पाहत जा.

प्लॅस्टर निघालं की डॉक्टरांच्या परवानगीने पहिले दोन आठवडे फक्त हालचाल: कोमट पाण्यात हात बुडवून वर, खाली, आजूबाजूला, मग कोपर कमरेला लावून उताणा-पालथा, प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली नसावी. त्यानंतर अर्ध्या लिटरची बाटली मुठीत घेऊन, हात टेबलाच्या कडेवर टेकवून, पंजा वर उचला आणि पाच मोजत सावकाश खाली सोडा. मग बाटलीनेच हातोड्याची तिरकी हालचाल. भार घेण्याची सुरुवात भिंतीपासून: भिंतीला तळवे टेकवून झुका. आठवडाभर ते न दुखता जमलं की ओट्याची कड, मग खुर्चीची बैठक, आणि शेवटी जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि त्याच हातावर भार देऊन उठायचं. ज्या दिवशी पंगतीतून तसं उठता आलं, त्या दिवशी मी व्यायामाचा कागद परत मागते.